एक नर, तीन माद्या आणि ४२ दिवस

गिनी पिगविषयी आलेली या वेळची जवळजवळ सगळी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : नर आणि माद्या एकत्र ठेवाव्यात का? ठेवाव्यात. रानातले त्यांचे भाऊबंदही एक नर आणि दोन-चार माद्या अशाच लहान टोळीत राहतात, आणि घरातही तोच कळप सर्वांत शांत राहतो. अट एकच. नराचं खच्चीकरण (अंडकोष काढायचं ऑपरेशन) झालेलं हवं आणि त्यानंतरचे दिवस मोजलेले हवेत. बहुतेक घोटाळे दिवस न मोजल्यानेच होतात, हे पहिल्याच पत्रावरून लक्षात येईल.

प्रश्न : "दोन्ही माद्याच आहेत" असं सांगून दुकानातून दिलेली जोडी तीन महिने एकाच पिंजऱ्यात आहे. २ मार्चला सकाळी बघतो तर तीन पिल्लं! डोळे उघडे, अंगावर केस, पळतायत सुद्धा. नराला लगेच काढायचं का? तो पिल्लांना खाईल का? (वाचक, ठाणे)

तुम्हाला पत्र मिळताच कळवलेलं उत्तर इथे सविस्तर देतो, कारण हा प्रसंग अनेकांवर येतो.

नर पिल्लांना खात नाही, सहसा त्रासही देत नाही. तरी त्याला त्याच क्षणी वेगळं करायचं, ते मादीसाठी. गिनी पिगची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते, आणि त्या वेळी नर शेजारी असला तर ती बहुतेक वेळा पुन्हा गाभण राहते. म्हणजे एका वेताला दूध पाजता पाजता दुसरं वेत पोटात. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, सरासरी ६५ ते ६८ धरा. नर कायम सोबत राहिला तर वर्षाला पाच वेतं होऊ शकतात, आणि अशी मादी फार दिवस टिकत नाही.

त्यानंतर तुम्ही नर ५ मार्चला वेगळा केला, म्हणजे तीन दिवस तो सोबत होता. मादी पुन्हा गाभण आहे असंच धरून चाला. पुढचं वेत ३० एप्रिल ते १६ मे या काळात कधीही होऊ शकतं. १६ मे उलटला आणि काही झालं नाही, तर सुटलात. तोवर दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी मादीचं वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि त्यावर एक टोपली पुरते. पिल्लं दूध प्यायची थांबल्यावरही वजन चढतच राहिलं, तर पोटात पिल्लं आहेत.

दुसरी तारीख २३ मार्च. त्या दिवशी पिल्लं २१ दिवसांची होतात आणि नर पिल्लांना आईपासून, बहिणींपासून वेगळं करावं लागतं. एवढंसं पोर काय करणार, असं वाटतं. पण मादी पिल्लू चौथ्या-पाचव्या आठवड्यातही माजावर येऊ शकतं आणि नर पिल्लू आईवर, बहिणीवर चढायला त्याच सुमारास लागतं. "अजून एक आठवडा आईजवळ राहू दे" ही माया पुढे महागात पडते. वेगळी काढलेली नर पिल्लं बापाजवळ ठेवा. प्रौढ नर लहान पोरांना बहुधा सांभाळून घेतो, आणि पोरांना वागायची रीतही त्याच्याकडून कळते. फक्त माद्यांचा पिंजरा दुसऱ्या खोलीत हवा. वास येत राहिला तर बाप-लेकांतही जुंपते. मादी पिल्लं आईजवळच राहू द्या. बापाजवळ ती ठेवायची नाहीत.

आता नर कोण, मादी कोण, हे ओळखायचं कसं? दुकानात चुकतं ते इथेच, कारण लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात आणि स्तनाग्रं नरालाही दोन असतात, मादीलाही दोनच. खाली बसा. पिल्लाची पाठ आपल्या पोटाला टेकवून त्याला बसतं धरा, एका हाताचा आधार मागच्या पायांखाली असू द्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जननभागाची कातडी हलकेच बाजूला करा. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी फट दिसते. नरात गोल गुंडी आणि तिच्यात बारीक उभी चीर दिसते. खात्री करायची असेल तर त्या गुंडीच्या किंचित वर, पोटाच्या बाजूला, बोटाने हलका दाब द्या : नर असेल तर कातडीखाली काडेपेटीतल्या काडीएवढं काहीतरी लागतं आणि लिंगाचं टोक बाहेर डोकावतं. एका पिल्लावर ठरवू नका, तिन्ही शेजारी शेजारी बघा. फरक तुलनेत चटकन कळतो. १४व्या दिवशी एकदा आणि १९व्या दिवशी पुन्हा बघा. शंका उरलीच तर २१व्या दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवा.

पिल्लांचं फार काही करावं लागत नाही. जन्मतः ती साधारण ६० ते १०० ग्रॅमची असतात आणि दुसऱ्या दिवशीच आईच्या ताटातली कोथिंबीर ओढायला लागतात. तरी दूध तीन आठवडे हवंच, आणि आईला सडं दोनच, त्यामुळे तिनांपैकी एखादं मागे पडतंय का ते रोज वजन करून बघा. पहिल्या दिवशी दोन-चार ग्रॅम घटले तर चालतं. तिसऱ्या दिवसापासून रोज तीन-चार ग्रॅम वाढायलाच हवेत. आईला या काळात भरपूर सुकं गवत, मूठभर लसूणघास (ल्युसर्न नावाचा हिरवा चारा) आणि जास्त क जीवनसत्त्व लागतं. त्याबद्दल पुढे आहेच.

प्रश्न : माझ्याकडे तीन माद्या आहेत. आता एक नर आणून त्याचं खच्चीकरण करून घ्यायचं आहे. वय किती हवं, डॉक्टरांना काय विचारायचं, आणि ऑपरेशननंतर लगेच माद्यांत सोडता येतो का? (वाचक, कोथरूड, पुणे)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. सहा आठवडे थांबायचं. अंडकोष काढले तरी पुढच्या नळ्यांत शुक्राणू उरलेले असतात आणि ते काही आठवडे काम करू शकतात. "ऑपरेशन होऊनही पिल्लं झाली" अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा दहाव्या-पंधराव्या दिवशी दाखवलेली घाई असते. १० जूनला ऑपरेशन झालं, तर २२ जुलैच्या आधी नर माद्यांत नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वय चार महिन्यांच्या पुढे आणि वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त असलं तर बरं. नर दोन-तीन वर्षांचा असला तरी तब्येत चांगली असेल तर हरकत नसते.

डॉक्टर निवडताना कुत्र्या-मांजरांच्या अनुभवावर जाऊ नका. त्यांना सरळ विचारा : आतापर्यंत किती गिनी पिगांची ही शस्त्रक्रिया केली? भूल वायूची देता का? जांघेतला मार्ग शिवून बंद करता का? हा तिसरा प्रश्न मोलाचा आहे. गिनी पिगमध्ये पोटातून अंडकोषाच्या पिशवीत जाणारा रस्ता आयुष्यभर उघडाच राहतो. तो शिवला नाही, तर तिथून चरबी किंवा आतडं खाली उतरू शकतं. चौथा प्रश्न प्रतिजैविकाचा. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं कुठलंही औषध गिनी पिगला तोंडावाटे द्यायचं नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू फोफावतात आणि जनावर काही दिवसांत जातं. एन्रोफ्लॉक्सासिन चालतं. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम देतात. "याला काही दुखत नाही" म्हणून ते टाळणारे डॉक्टर असतील तर दुसरे शोधा.

रात्रभर उपाशी ठेवून आणायला सांगितलं, तर का ते विचारा. हे प्राणी उलटी करत नाहीत, आणि त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. लांबलचक उपासानेच त्रास होतो. दवाखान्यात जाताना पिशवीत त्याचं नेहमीचं गवत आणि काकडीचे तुकडे न्या. जमलं तर सवयीचा एखादा सोबतीही दुसऱ्या कप्प्यात न्या.

घरी आल्यावर भुसा आणि सुकं गवत खाली अंथरू नका. जखमेत अडकतं. आठ-दहा दिवस जुनी पांढरी सुती चादर किंवा टॉवेल घाला आणि दिवसातून दोनदा बदला. गवत खायला टोपलीत द्या. त्या संध्याकाळीच त्याने काहीतरी चघळायला हवं. १२ तास उलटून गेले आणि तोंडही लावलं नाही, तर त्याच्या नेहमीच्या खाद्याच्या गोळ्या (पेलेट) कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, सुईशिवायच्या सिरिंजने दर तीन-चार तासांनी १० ते १५ मिली भरवा. सिरिंज समोरून नाही, गालाच्या बाजूने, दातांच्या मागे, एका वेळी अर्धा मिली, आणि तो चावतोय हे बघून पुढचा अर्धा. घाई केली की फुप्फुसात जातं. लेंड्या लहान, कोरड्या किंवा बंद झाल्या, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सर्वांत जास्त दिसणारी अडचण म्हणजे गळू. पहिले तीन दिवस थोडी सूज असतेच. सातव्या-आठव्या दिवशी एका बाजूला वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली आणि ती वाढत गेली, तर ते पू साचल्याचं लक्षण. घरी पिळायचं नाही.

सहा आठवडे त्याला एकटं कोंडू नका. माद्यांच्या पिंजऱ्याला लागून पिंजरा ठेवता येतो, पण मधे दोन जाळ्या आणि त्यांत चार बोटं अंतर हवं. एकाच विरळ जाळीवर भरवसा ठेवू नका.

आणि एक गैरसमज. खच्चीकरणानंतरही नर घुमतो, कंबर हलवत माद्यांमागे फिरतो, चढतोही. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. स्वभाव तोच राहतो, पिल्लं तेवढी होत नाहीत. म्हणूनच तर तो कळपात उपयोगी पडतो. माद्यांमाद्यांतली कुरबुर नर असला की बरीच कमी होते.

माद्यांचीच ऑपरेशनं का करू नयेत, असं पत्रात शेवटी विचारलं आहे. कारण ते पोट उघडून करायचं मोठं ऑपरेशन आहे, आणि तुमच्याकडे तीन माद्या आहेत. एका नराचं छोटं ऑपरेशन सोडून तीन मोठी का करायची? मादीला गाठी झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी. वय वाढलेल्या माद्यांत अंडाशयावर पाण्याच्या गाठी वारंवार होतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होऊ लागले, की सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न : आमची मादी ११ महिन्यांची आहे. मुलांना पिल्लं बघायची आहेत म्हणून एकदाच वेत घ्यावं असा विचार आहे. शेजाऱ्यांचा नर आहे. (वाचक, नागपूर)

घेऊ नका. इतकं तोडून सांगायला कारण आहे.

मादीच्या कमरेत पुढच्या बाजूला दोन हाडांचा सांधा असतो. व्यायच्या सुमारास तो सैल होऊन फाकतो, एक बोट मावेल इतका, तेव्हाच पिल्लू बाहेर पडतं. सहा-आठ महिन्यांच्या वयापर्यंत मादी एकदाही व्यायली नसेल, तर हा सांधा घट्ट होऊ लागतो आणि पुढे वेळेवर पुरेसा उघडत नाही. गिनी पिगची पिल्लं उंदराच्या पिल्लांसारखी इवलीशी, उघडी नसतात. पूर्ण केसांची, दात आलेली, मोठ्या डोक्याची असतात. सांधा उघडला नाही की पिल्लू अडकतं. मग सिझेरियन, आणि त्यात आई वाचेलच याची हमी कुणी देत नाही.

मादी लठ्ठ असेल तर आणखी एक संकट. शेवटच्या दोन आठवड्यांत ती खाणं सोडते, सुस्त पडते, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. ही गर्भारपणातली विषबाधा. ती सुरू झाली की दिवस नाही, तास मोजायचे असतात.

रंगाचाही धोका आहे. पांढऱ्या केसांत दुसऱ्या रंगाचे केस मिसळलेला किंवा डाल्मेशियन कुत्र्यासारखे ठिपके असलेला नर आणि तशीच मादी यांच्या प्रत्येक वेतात साधारण चारातलं एक पिल्लू पांढरंफटक, आंधळं आणि दातांत दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. दुकानातल्या जनावरांच्या आईबापांचा रंग कुणाला ठाऊक असतो?

मुलांना पिल्लं दाखवायचीच असतील तर कुणाच्या घरी अनाहूत वेत झालं असेल तिथलं २१ दिवसांच्या पुढचं मादी पिल्लू आणा. तुमच्या मादीला सोबतही होईल.

ती आधीच नराजवळ जाऊन आली असेल, तर तारीख लिहा आणि चौथ्या आठवड्यात डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्या. पोट दाबून बघायचा प्रयोग घरी नको. ५९व्या दिवसापासून रात्री-अपरात्री जाऊ शकाल असा दवाखाना हेरून ठेवा. कळा सुरू झाल्यावर एरवी अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकतं, दोन पिल्लांत पाच-दहा मिनिटांचं अंतर असतं. २० मिनिटं जोर लावूनही पिल्लू आलं नाही, तर निघा.

प्रश्न : खच्चीकरणाचे सहा आठवडे पूर्ण झाले. नर सोडला तर माद्या किंचाळत पळतात, एकीने त्याच्या तोंडावर लघवी उडवली. मी घाबरून त्याला उचललं. आता काय? (वाचक, कोल्हापूर)

उचलायला नको होतं. तुम्ही पाहिलं ते भांडण नव्हतंच. मादीला नको असेल तेव्हा ती मागचा भाग वर करून मागे लघवीची पिचकारी मारते, आणि नर तोंड पुसत बाजूला होतो. किंचाळणं म्हणजेही "सरक" एवढंच. दर वेळी मधे पडून तुम्ही ओळख अर्ध्यावर तोडता, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात.

पुन्हा करा, पण जागा बदला. माद्यांच्या पिंजऱ्यात त्याला सोडायचं नाही. तिथे तो घुसखोर ठरतो. हॉलच्या कोपऱ्यात सहा बाय चार फुटांची नवी जागा पुठ्ठ्यांनी अडवा. फरशी घसरते म्हणून धुतलेली सुती चादर पसरा. गवताचे चार-पाच ढीग वेगवेगळ्या जागी टाका, कोथिंबीर आणि काकडी सगळीकडे विखरून टाका. एका जागी ठेवली तर तिच्यावरूनच तंटा. लपायला पुठ्ठ्याची खोकी द्या, मात्र प्रत्येक खोक्याला दोन दारं कापा. एक दार असलेल्या घरात कोंडी होते आणि कोंडलेलं जनावर चावतं. सगळ्यांना एकाच वेळी आत सोडा आणि पुस्तक घेऊन शेजारी बसा. निदान तीन-चार तासांची तयारी ठेवा.

पहिला अर्धा-पाऊण तास नर खालच्या पट्टीत घुमत, मागचा भाग डावीकडे-उजवीकडे झुलवत एकेकीभोवती फिरेल. माद्या पळतील, हनुवटी वर करून त्याला ढकलतील, एखादा केसांचा झुपका उपटला जाईल. सगळं चालतं. मग कुणीतरी गवत खायला लागतं, पाठोपाठ बाकीची. दोघं एकाच ढिगावर खाऊ लागले की अर्धं काम झालं.

दातांचा कटकट आवाज, मानेवरचे केस उभे, जांभई दिल्यासारखं तोंड उघडून दात दाखवणं, आणि दोघं समोरासमोर ताठ : हे दिसलं तर सावध व्हा, मधे पुठ्ठा सरकवून नजर तोडा. दोघं एकमेकांना चावून गुंडाळले गेले किंवा रक्त आलं, तरच वेगळं करा. तेव्हा उघडा हात घालू नका, त्या क्षणी ते तुमचं बोट ओळखत नाहीत. केरभरणी मधे घाला किंवा जाड टॉवेल टाका.

रात्री परत जुन्या पिंजऱ्यात नेताना तो व्हिनेगर-पाण्याने पुसून, आतल्या वस्तू उलटसुलट मांडून मगच सगळ्यांना एकदम सोडा. खालचं कापड ताजं हवं. पुढचे आठ-दहा दिवस पाठलाग चालेल. माद्यांचं वजन टिकून असेल तर काळजी नको.

प्रश्न : दोन नर आणि दोन माद्या असा चौघांचा कळप चालेल का? दोन्ही नर भाऊ आहेत आणि छान राहतात. (वाचक, नाशिक)

माद्या येईपर्यंत छान राहतात. त्यानंतर भाऊपणा संपतो, दोघांचंही खच्चीकरण झालेलं असलं तरी. भावांची जोडी वेगळीच राहू द्या, माद्यांच्या वासापासून दूर. माद्या हव्याच असतील तर दोन वेगळे कळप करा, प्रत्येकात एक नर.

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचके आहे. चार गिनी पिगांना जागा किती, आणि खायला नेमकं किती? इथे टिमोथी गवत फार महाग पडतं.

जागा जमिनीवरची मोजायची, मजल्यांची नाही. दोघांना चार बाय दोन फूट हे कमीत कमी. नर धरून चौघांना पाच बाय तीन फूट द्या. दिवाणाखालची जागा बऱ्याच घरांत बसते; फक्त हवा खेळायला हवी. दुकानात मिळणारे दोन फुटी पिंजरे सशाला, गिनी पिगला, कुणालाच पुरत नाहीत.

आहाराचा मोठा हिस्सा सुकं गवत, दिवसरात्र, हवं तितकं. टिमोथी परवडत नसेल तर चांगलं वाळवलेलं साधं हिरवट गवत चालतं. पिवळं पडलेलं, धूळ उडणारं, कुबट वासाचं नको. पावसाळ्यात गवताला बुरशी फार लवकर लागते : पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि रोज लागेल तेवढंच काढा. ओल्या अंथरुणातून कातडीला नायटा होतो आणि तो माणसांनाही लागतो. ताजी हरळी उत्तम, फवारणी न झालेल्या जागेवरची. गणपतीच्या दिवसांत दुर्वांच्या जुड्या स्वस्त मिळतात. धुऊन, निथळून द्या.

लसूणघास म्हणजे लसूण नव्हे, हे मुद्दाम सांगतो. लसूण आणि कांदा दोन्ही घातक आहेत. लसूणघास गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला, तसंच सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना चांगला. मोठ्या नराला आणि बाकीच्या माद्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूत्राशयात खडे होतात. मिश्र कळपात ही अडचण येतेच : गाभण मादीच्या ताटात सगळे तोंड घालतात. तिला दिवसातून दोनदा वेगळ्या टोपलीत बसवून खायला द्या.

क जीवनसत्त्व त्यांचं शरीर बनवत नाही, आपल्यासारखंच. एका किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, गाभण असेल तर ३० च्या पुढे. हिशेब सोपा करायचा तर प्रत्येकाला रोज ढोबळ्या मिरचीची एक चतुर्थांश फोड आणि मूठभर कोथिंबीर. आवळ्याच्या मोसमात चण्याएवढा तुकडा. पाण्यात थेंब टाकायचे नाहीत. उजेडात ते काही तासांत निकामी होतात आणि चव बदलल्याने जनावरं पाणी पिणं सोडतात. खाद्याच्या गोळ्यांचं पाकीट घेताना उत्पादनाची तारीख बघा, तीन महिन्यांनंतर त्यातलं जीवनसत्त्व बरंच उडालेलं असतं. गोळ्या प्रत्येकी एक मोठा चमचा पुरे. पोळी, भात, बिस्किट, बटाटा, भिजवलेली कडधान्यं नकोत, आजीने कितीही प्रेमाने दिली तरी.

प्रश्न : मादी गाभण आहे, तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. इथे तेव्हा ४० अंश असतं. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

२७ अंशांच्या पुढे गिनी पिगला त्रास सुरू होतो, आणि शेवटच्या पंधरवड्यातल्या मादीला सर्वांत जास्त. घरातली सर्वांत थंड, खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली तिची. वाळ्याचा पडदा भिजवून खिडकीला लावा, कूलरचा झोत थेट अंगावर नको. गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्यात आडवी ठेवा, तीन तासांनी बदला. खाली कोरी टाइल ठेवली की ती आपणहून तिच्यावर पसरते. पाण्याच्या दोन बाटल्या लावा, एक अडली तर दुसरी. तिला उचलायचं टाळाच. उचलावीच लागली तर दोन्ही हातांनी, पोटाला दाब न देता.

लांब पसरून पडलीय, तोंडातून लाळ येतेय, श्वास धापा टाकल्यासारखा चालू आहे, तर उष्माघात आहे. पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या नाही, आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : गिनी पिगच्या सोबतीला ससा ठेवला तर नर-मादीची कटकटच नाही ना? (वाचक, रत्नागिरी)

ससा मागच्या पायाने लाथ मारतो, गिनी पिगची बरगडी मोडू शकते. शिवाय काही सशांच्या नाकात, ससा ठणठणीत असतानाही, असे जंतू असतात की गिनी पिगला न्यूमोनिया होतो. नको.

प्रश्न : आम्ही झ्युरिकला असतो. दोन माद्यांपैकी एक गेली, उरलेली पाच वर्षांची आहे. इथे एकटी ठेवायला परवानगी नाही म्हणतात. लहान पिल्लू आणावं का?

बरोबर ऐकलंत. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासूनच्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार गिनी पिगला आपल्या जातीची सोबत असावीच लागते. नियम नसता तरी आम्ही तेच सांगितलं असतं.

पिल्लू आणू नका. गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतात. तुमची मादी गेली की ते पिल्लू एकटं पडेल, मग त्याला सोबत, आणि हा फेरा चालूच राहील. दोन-तीन वर्षांचा, खच्चीकरण झालेला शांत नर तिथल्या प्राणी-आश्रयगृहातून घ्या. म्हातारी मादी नव्या मादीपेक्षा नराला लवकर स्वीकारते. तिथे सोबतीपुरता गिनी पिग देऊन नंतर परत घेणारी माणसंही आहेत. पुढे पाळायचंच नसेल तर तो मार्ग सोयीचा.

घेताना ऑपरेशनची तारीख लेखी मागा. "झालंय" एवढं पुरत नाही. ४२ दिवस उलटले नसतील तर उरलेले दिवस त्याला तिथेच राहू द्या आणि मधल्या काळात त्याच्या पिंजऱ्यातलं थोडं वापरलेलं गवत आणून मादीच्या कोपऱ्यात टाका.